मामांच्या ओळी

लग्नाआधीच मी माझ्या सासऱ्यांची गाणी ऐकली होती, आणि मला ती आवडत नव्हती.

माझं माहेर पिशोरचं. गणपतीत आमच्याकडं शहरातून ऑर्केस्ट्रा यायचा. शाळेच्या मैदानात दोन ट्रॉल्या जोडून स्टेज करायचे, बाभळीला भोंगे बांधायचे. सिनेमातली गाणी झाली की मध्ये तीन-चार गाणी त्यांची स्वतःची असायची आणि बाया खरं तर त्यांचीच वाट बघायच्या. 'खिडकी उघड सखे, वारं आत येऊ दे' हे सगळ्यात गाजलेलं. ते सुरू झालं की माझी आई मांडीवर ताल धरायची. आमच्या भागातल्या बँडवाल्यांनी ते लग्नातही घेतलं होतं. ते कुणी लिहिलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

पुढं मी कॉलेजसाठी औरंगाबादला आले, होस्टेलवर राहिले आणि दुसऱ्या वर्षी एका रॉक बँडमध्ये शिरले. गिटारवाला शहागंजचा, घड्याळ दुरुस्ती करणाऱ्याचा मुलगा. बेसवाला बीडचा. ड्रम वाजवायचा तो सिडकोचा, त्याच्याशीच पुढं माझं लग्न झालं. गायचं आणि लिहायचं माझ्याकडं. मराठीत रॉक म्हटलं की लोक हसायचे, त्यामुळं आम्ही जास्तच चिडून गायचो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी माइकवर सांगायचे, "आमच्या गाण्यात सखी नाही, साजणी नाही, वारासुद्धा नाही." पोरं शिट्ट्या मारायची. ज्यांच्यावर मी हे बोलत होते त्यांच्या मुलाला तेव्हा मागं ड्रमवर काय वाटत असेल, हे मला कळायचं कारण नव्हतं. त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते घरी घेऊन गेला त्या दिवशी, जिन्यात.

त्याचे वडील पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्या ऑर्केस्ट्राला गाणी लिहून देणारे. आई आधीच वारलेली. बारीक अंगाचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस खुर्चीवर बसून हरभरे सोलत होता. मी विचारलं, "खिडकीचं गाणं तुमचं?"

"व्हय. कामून, आवडत नाय का?"

"तसं नाही..."

"नाय आवडत. तोंडावर दिसतंय." ते हसले. "तुमची एखादी ओळ सांगा."

मी ताठ बसून सांगितली. 'डोक्यात भिंत, भिंतीत खिळा, खिळ्यावर टांगलेला हात.' तेव्हा मला ती माझी सगळ्यात चांगली ओळ वाटत होती.

त्यांनी ती तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिली. "चांगली हाये. पण तुम्ही 'त'वर थांबल्या. जीभ दाताला जाऊन चिकटती. गाणाऱ्यानं लांबवायचं कसं? ओळीच्या शेवटी दार उघडं ठेवावं. आ, ई, ए, ऊ, लांबवता येईल असं."

"आम्हाला दार आपटायचंच असतं," मी म्हणाले.

"आपटा की. पण आपटायला बी ते आधी उघडं लागतं."

ड्रमवाला खाली मान घालून हसत होता. मला राग आला होता, पण त्या घरात मी सून म्हणून गेले त्याला हा माणूसही कारण होता. लग्नानंतर मी त्यांना मामा म्हणू लागले, आमच्याकडं सासऱ्यांना तसंच म्हणतात. नवऱ्याला मामांसमोर 'अहो' म्हणायचे आणि तालमीत 'तू'. मामांना हे माहीत होतं. त्यांनी कधी दाखवलं नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि एका सकाळी दाढी करता करता मामा मोरीत पडले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडं एकच शब्द उरला होता: हां. भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां. डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. शब्दही आत आहेत. बाहेर यायचा रस्ता बंद झालाय."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मामांची कॉट. नवरा वाळूजला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलायची. मी एका शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवायचे, ते सोडलं. थोडे दिवस, असं म्हणून सोडलं. कंपनीची बस पाळीप्रमाणे कोपऱ्यावरून त्याला उचलून न्यायची, आणि मी आतून कडी घातली की दिवस बंद. दुधाची पिशवी आणायला खाली गेले तरी कान वरच. नळाला तीन दिवसांआड पाणी, आणि ते कधी येईल त्याचा नेम नाही. पाण्याच्या दिवशी तर गॅलरीतही उभं राहता यायचं नाही. तालमी सुटल्या. महिन्याभरात माझ्याशी बोलणारं दिवसातून कुणी उरलं नाही, आणि जो माणूस होता त्याला बोलता येत नव्हतं.

एप्रिलमधली एक दुपार. झळा आत येतात म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. मामा डाव्या हाताने कॉटच्या गजावर मारायला लागले. पाणी देऊ? हां. भांडं देऊ? हां. पंखा वाढवू? हां. उशी? हां. प्रत्येक वेळी मी ते ते केलं आणि प्रत्येक वेळी हात पुन्हा गजावर. अर्धा तास हे चाललं. शेवटी मी ओरडले, "काय पाहिजे ते सांगा ना!" बोलून गेले आणि स्वतःचीच लाज वाटून स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. 'खिडकी उघड सखे, वारं आत येऊ दे. हळूच बोल, नुसतं तुझं नाव कानी येऊ दे.'

शब्दन् शब्द साफ. 'ळ', 'ड' सगळं जागच्या जागी. मी धावत गेले तर माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले. तोंड उघडं, डोळे मोठे.

"मामा, खिडकी म्हणा."

"हां."

"नुसतं खिडकी."

"हां."

मी चाल गुणगुणले. त्यांनी सगळी ओळ पुन्हा गायली. मी खिडकी उघडली. गरम वारा आत आला आणि ते डोळे मिटून पडून राहिले.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "होतं असं. गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. पण ते बोलणं नव्हे हं, आशा धरू नका." मला ते पटलं नाही, कारण त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं होतं. तहान लागली की 'ये गं विहिरीबाई, घागर भर माझी'. भूक लागली की 'चुलीपाशी बसू, भाकर दोघं खाऊ, अर्धी तुला देऊ, अर्धी मला ठेवू'. लघवीचं भांडं हवं असलं की एक जुनं बैलगाडीचं गाणं होतं, 'गाडी थांबव गड्या, फाटा जवळ आला'. ही सगळी त्यांचीच गाणी, शेकडो वेळा गायली गेलेली. पहिल्या पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो. त्यांचं हसू अर्ध्याच तोंडाला यायचं.

एकदा त्यांच्या खात्यातले चार जुने सहकारी भेटायला आले. मामांनी गायला सुरुवात केली, 'गाडी थांबव गड्या...' आणि त्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. "वा! आवाज तोच हाये!" मामा पुन्हा गायले. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, एकानं चहाच्या बशीवर ठेका धरला. मी भांडं पदराखाली धरून दारात उभी. चार परक्या माणसांना उठा कसं म्हणायचं? मामा माझ्याकडं बघत गातच होते. शेवटी चादर ओली झाली आणि पाहुण्यांना काही कळलं नाही. जाताना एक जण म्हणाला, "नशीबवान माणूस. गाण्यात हाये अजून."

हळूहळू मला दिसायला लागलं की या भाषेत काय काय नाही. दुखतंय, हे नाही. पुरे, हे नाही. नको, हे तर नाहीच. मामांनी आयुष्यभर लग्नाची, जत्रेची, प्रेमाची गाणी लिहिली. तिथं नकाराचं काम नव्हतं. व्यायाम शिकवणारा यायचा आणि आखडलेला उजवा हात ओढायचा, तेव्हा मामा डोळ्यांतून पाणी काढत 'भाकर दोघं खाऊ' म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? आणि तो माणूस म्हणायचा, "बघा, किती छान मूडमध्ये आहेत."

अशात गिटारवाला स्कूटरवरून बातमी घेऊन आला. पुण्याची एक छोटी कंपनी आमची कॅसेट काढायला तयार होती. चार गाणी, सगळी नवी, तीन महिन्यांत. नवऱ्यानं मामांच्या समोरच मला उचललं, इतका तो खूश. मला बाहेर पडता येत नाही म्हणून ठरलं की गिटारवाल्यानं दुपारी आमच्याकडं यायचं, आणि आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून गाणी बांधायची.

मी लिहायला लागले. कूकरच्या शिट्ट्यांमध्ये, चादरी भिजवून ठेवल्यावर, जमेल तसं. आठ दिवसांत दोन गाणी झाली. गिटारवाल्यानं कागद वाचला, तारा जुळवल्या आणि मग गिटार बाजूला ठेवली.

"भाभी, बुरा नक्को मानो. ये तो अंकल का है."

"कुठं?"

त्यानं बोट ठेवलं. "ये देखो, 'येऊ दे'. ये 'अर्धी तुला'. और ये घागर."

मी कागद फाडला. दुसरा लिहिला. त्यात घागर नव्हती, पण ओळी तशाच चालत होत्या, दोन पावलं पुढं, एक मागं, आणि प्रत्येकीच्या शेवटी आ नाही तर ई. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं शब्द लिहून काढले: वारं, खिडकी, घागर, भाकर, चूल, फाटा. हे वापरायचे नाहीत. पण मी ज्या दोन खोल्यांत कोंडलेली होते तिथं खिडकी, घागर आणि भाकरीशिवाय होतं काय? उरलेल्या शब्दांत मी एक गाणं ओढून ताणून केलं, खूप राखरांगोळीचं. गिटारवाल्यानं शांतपणे ऐकलं. "अच्छा है. पर ये तुम नईं हो भाभी. ये कोई बी लिख सकता."

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि मी त्याच्यावर तुटून पडले. मामा ऐकताहेत हे माहीत असून त्याला 'तू' म्हणाले. "तुझ्या वडिलांनी माझं डोकं भरून टाकलंय. दिवसभर तेच कानात. मी लिहीन कुठून? मला माझी एक ओळ राहिली नाही!"

तो स्टुलावर चढला, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुला त्यांची तीस-चाळीस गाणी माहीत आहेत. हे बाकीचं. बघ, तुझ्यासाठी काही शिल्लक आहे का."

आत सात वह्या होत्या. उघडल्या तर सगळं उर्दू.

नवऱ्याला लहानपणापासून वाटायचं, या कुणाच्या तरी गझला असतील, वडिलांनी उतरवून घेतलेल्या. आम्हा दोघांनाही ती लिपी येत नव्हती. दुसऱ्या दिवशी गिटारवाला आला, त्याला आजीनं शिकवलेलं होतं. तो कॉटपाशी स्टुलावर बसला, बोट ठेवून एक-एक अक्षर लावायला लागला आणि थांबला.

"भाभी, ये उर्दू नईं है."

"मग?"

"मराठी है. पूरा मराठी."

मग नवऱ्याला आठवलं. मामांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. ते सहावीत असताना पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. पुढं त्याच शाळेत, त्याच बाकावर मराठी अक्षरं गिरवायला लागली. ती त्यांनी गिरवली, नोकरीभर त्यांत टिपणं लिहिली. पण मनातलं भरभर उतरवायचं तर हात जुन्याच लिपीत पळायचा.

गिटारवाला वाचत गेला. त्या लिपीत 'ळ' नाही, 'ण' नाही, त्यामुळं तो 'वेल गेली' वाचायचा आणि मला वेल दिसायची. मामा गजावर हात मारायचे. "वेळ? वेळ गेली?" मी विचारलं की "हां!" आणि हे हां खरं असायचं. ओळखीची ओळ आली की ते पुढची गाऊन टाकायचे. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तिघं माणसं एकमेकांशी बोलत होती.

समासात जागोजाग एक बारीक खूण होती आणि शेजारी एक शब्द. "उस्तादका," गिटारवाल्यानं वाचलं. "ये लाइन उस्तादकी. ये बी."

खिडकीच्या पहिल्या ओळीशेजारीही तीच खूण.

मी मामांकडं वळले. "खिडकी तुमची नाही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. अर्ध्या तोंडानं हसले. "हां."

उस्ताद म्हणजे शहागंजातला एक बांगडीवाला, हे नवऱ्याला आत्याकडून ऐकून माहीत होतं. दक्खनी उर्दूत लग्नाची गाणी लिहायचा. मामा शाळेतून येताना त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि तो बांगड्यांच्या काठीवर ताल वाजवून ओळी कशा मोजायच्या ते शिकवायचा. पोलीस अॅक्शननंतर एक दिवस ते दुकान बंद दिसलं आणि पुन्हा उघडलं नाही. माणूस हैदराबादला गेला, की आणखी पुढं, की कुठं, आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं नावसुद्धा नाही. मामा त्याची ओळ मराठीत आणून चाळीस वर्षं गावोगाव फिरवत होते, आणि मी पिशोरच्या मैदानात बसून तिला नाकं मुरडत होते.

सहाव्या वहीत एक पान आडव्या-उभ्या रेघांनी खोडलेलं होतं. खाली तेच गाणं पुन्हा नीट लिहून काढलेलं. त्याला खूण नव्हती.

'दुकानाला कुलूप, कुलपाला गंज,
रोज येतो दारी, रोज होते सांज.
हाक मारू कुणा, नाव घेऊ कसं,
माझंच तोंड मला झालं परकं जसं.'

एकाही ओळीच्या शेवटी आ नव्हता, ई नव्हती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'लग्नात चालणार नाही. चाल लावली नाही.'

गिटारवाल्यानं वाचून संपवलं आणि आम्ही मामांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. ओठ 'दु'च्या आकाराचे झाले. मान पुढं आली, गळ्याची शीर फुगली. काही आलं नाही. बाकीची सगळी गाणी येत होती, हे येत नव्हतं, कारण ते कधी गायलंच गेलं नव्हतं. त्याला धरून बाहेर यायला सूर नव्हता. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी त्या आठवड्यात त्याला चाल लावली. तीन कॉर्ड, तोडून तोडून, प्रत्येक ओळ शेवटी दाणकन बंद होणारी. पुढचं कडवं मी लिहिलं. 'दाराला कडी, कडीला माझा हात, बाहेर आहे कोण आणि कोण आहे आत?' हे लिहिताना मी 'त'वर थांबले आणि मला मामांची परवानगी घ्यावीशी वाटली नाही. हे गाणं माझं नव्हतं आणि मी आजवर लिहिलेल्या कशाहीपेक्षा ते जास्त माझं होतं. दोन्ही एकदम खरं होतं आणि त्यातून सुटायला वाट नव्हती. भांडी घासताना, चादरी पिळताना मी तेच गात राहिले. गिटारवाला दुपारी यायचा, वह्यांतल्या ओळी घेऊन आम्ही बाकीची तीन गाणी बांधली, दार लावून जोरात वाजवायचो. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या.

तीन आठवड्यांनी व्यायामवाला मामांचा हात ओढत होता. मी कणिक मळत होते. बाहेरून आवाज आला, खरखरीत, माझ्याच चालीत: "कुलूप! दुकानाला कुलूप!"

तो माणूस दचकला. मी कणकेच्या हातांनी बाहेर गेले. मामा लाल झाले होते. "कुलूप!"

"सोडा त्यांचा हात," मी म्हणाले. "ते नको म्हणताहेत."

मामांना 'नको' मिळालं आणि त्यांनी ते मनसोक्त वापरलं. खिचडीला कुलूप. दाढीला कुलूप. जालन्याच्या नातेवाइकांना, त्यांच्या तोंडावर, कुलूप. मी केस विंचरायला गेले तर मलाही. ते चिडके झाले, हट्टी झाले, कधी कधी दिवसभर दुसरा शब्द नाही. नवरा थकून यायचा आणि म्हणायचा, "हे तू काय शिकवलंस त्यांना?" मी म्हणायचे, "त्यांचंच आहे." आमचं घर काही सुखी झालं नाही. पण आता तिथं दोन माणसं वैतागलेली होती आणि दोघांनाही ते सांगता येत होतं.

पुण्याला जायचा दिवस ठरला. दोन दिवसांचं काम. मामांजवळ राहायला नणंद जालन्याहून येणार होती. आदल्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर तिचा निरोप आला, पोराला ताप आहे, निघता येत नाही. ड्रमवाल्याशिवाय रेकॉर्डिंग होणार नव्हतं. गाणारी बदलता येत होती.

"मी राहतो," नवरा म्हणाला.

"आणि वाजवणार कोण?"

त्यानं ड्रमच्या काड्या पिशवीत भरल्या. सकाळच्या बसनं ते तिघं गेले. मी गॅलरीतून हात केला, आत आले, कडी घातली. दुसऱ्या दिवशी पाणीही आलं. मी हंडे भरत असताना पुण्यात कुणीतरी दुसरी मुलगी माझं कडवं गात होती.

दुपारी शेजारच्यांकडं गिटारवाल्याचा फोन आला. "भाभी, गीतकार में नाम क्या देना?"

मी मामांचं नाव सांगितलं, मग माझं. मग म्हणाले, "आणि आधी उस्ताद लिही."

"उस्ताद कौन? नाम?"

"नाव माहीत नाही. नुसतं उस्ताद लिही. बाकीच्या तिन्ही गाण्यांत त्याचं काही ना काही आहे."

त्यानं लिहून दिलं. चार महिन्यांनी कॅसेट हातात आली तेव्हा आतल्या कागदावर छापलं होतं: गीत - पारंपरिक.

कंपनीतल्या माणसानं सांगितलं म्हणे, तीन नावं, त्यातलं एक बिननावाचं, एवढ्याशा कागदावर कुठं बसवायचं? आणि शब्द जुन्या वळणाचेच आहेत, कुणाला काय कळतंय. मी तो कागद घेऊन मामांपाशी बसले. त्यांना आता मराठी अक्षरंही लागत नव्हती. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणं फार सोपं होतं. पण ज्या माणसाचं सगळं खरं-खोटं एका 'हां'मध्ये होतं, त्याच्याशी मला खोटं बोलवेना.

"तुमचं नाव छापलं नाही मामा. माझंही नाही. पारंपरिक लिहिलंय."

त्यांनी कागद छातीवर ठेवला. मग हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, खोकला येईपर्यंत. मला हसू आलं नाही. ते कशाला हसले ते मला आजही नक्की सांगता येत नाही. विचारलं असतं तर ते हांच म्हणाले असते.

मामा त्यानंतर तीन वर्षं जगले. कॅसेट फार खपली नाही, पण कुलपाचं गाणं शहरातल्या कॉलेजांत फिरलं; स्नेहसंमेलनात दर वर्षी कुणी ना कुणी ते म्हणायचं. मामा गेले ते एका उन्हाळ्यात, भर दुपारी. टँकर आला होता आणि मी खाली बादल्या घेऊन रांगेत होते. वर आले तर संपलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मघाशी काहीतरी गात होते. काय गात होते, ते त्यांना सांगता येईना. मी किती वेळा विचारलं. चाल आठवती का? नाय गं बाई. एखादा शब्द? नाय.

त्यांचे दिवस झाल्यावर मी मोकळी झाले. कडी काढून कुठंही जाता येत होतं. मी सकाळी चपला घालायचे, जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत जायचे आणि कान वर लावून उभी राहायचे. दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. पुन्हा लिहायला लागले तेव्हा शब्द खोडत बसणं सोडून दिलं. मामांचं काही आलं की समासात खूण करते आणि पुढं जाते. ज्या पानावर एकही खूण नाही असं पान अजून झालेलं नाही. कधी कधी त्याचा फार राग येतो.

गिटारवाला दुबईला गेला, त्यामुळं वह्या वाचणारं कुणी उरलं नाही. गेल्या वर्षापासून मी शहागंजच्या मागच्या गल्लीत एका निवृत्त बाईंकडं उर्दू लिपी शिकायला जाते. त्यांचं घर लहान, दार कायम लोटलेलं, आणि त्या डोळ्यांना भिंग लावून माझ्या चुका काढतात. पहिली वही संपली. दुसऱ्या वहीत मी गेले दोन आठवडे एका शब्दावर अडकले आहे. गाफ, अलिफ, वाव. तो 'गाव' वाचता येतो आणि 'गाऊ'ही वाचता येतो.

"मागची सतर पढो, समझ में आ जाएगा," बाई म्हणाल्या.

मागच्या ओळीवर पाणी पडून शाई पसरली आहे. पुढची ओळ दोन्ही अर्थांना चालते. मी बाईंना म्हणाले, मी दोन्ही लिहून ठेवते. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एक तो लिखना पड़ेगा ना, बेटा." पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत दिली आहे.